क्लिकर, पाऊच, हार्नेस आणि कासरा: कुत्रं शिकवायच्या सामानाची कोल्हापुरी पारख

कोल्हापुरातल्या पेट शॉपमध्ये पाऊल टाकलं की भिंतीवर आधी साखळ्या दिसतात. जाड, बारीक, चकचकीत, मध्येच एखादी आतून काटे असलेली. ‘मोठं कुत्रं आहे ना, मग ही न्या, हाताला जोर लागत नाही’ असं सांगितलं जातं आणि हौस दांडगी असलेला माणूस ती घेऊन बाहेर पडतो. क्लिकर, म्हणजे दाबला की ‘टक्’ वाजून कुत्र्याला ‘बरोबर केलंस’ हे कळवणारी छोटी वस्तू, मागितला तर तो काउंटरखालच्या खोक्यातून हुडकून काढावा लागतो, कारण फारसं कुणी मागत नाही. शिकवणीसाठी खरी उपयोगाची वस्तू तीच, आणि सगळ्यात स्वस्तही तीच.

खाली ज्या वस्तूंची पारख केली आहे तिची कसोटी एकच. कुत्र्यानं बरोबर काम केल्यावर एका सेकंदाच्या आत त्याला ते कळवायला ही वस्तू मदत करते का? कारण शिकवणीचं सगळं गणित त्या सेकंदात आहे. कुत्रं बसलं, तुम्ही खिशात हात घातला, पिशवीची गाठ सोडवली, तुकडा काढला. तोवर ते उठलं, एकदा भुंकलं आणि तुमच्या मांडीवर पुढचे पाय ठेवून उभं राहिलं. तुकडा त्याच्या तोंडात गेला तेव्हा बक्षीस कशाचं मिळालं? मांडीवर पाय ठेवल्याचं. मग आठवड्याभरानं घरात तक्रार सुरू होते, की एवढं खाऊ घालून शिकवलं तरी अंगावर उडायचं काही थांबत नाही.

आता क्लिकर. बाजारात दोन तऱ्हा मिळतात. एक चौकोनी डबीसारखा, आत पोलादी पट्टी असलेला. त्याचा आवाज मोठा आणि कोरडा, मैदानावर वाऱ्यातही ऐकू जातो. दुसरा अंड्याच्या आकाराचा, वर फुगीर बटण असलेला. याचा आवाज मऊ असतो आणि बोटात अडकवायला पट्टा असतो. दोन्ही साधारण शंभर ते तीनशे रुपयांत येतात. घरात शिकवायचं असेल तर बटणाचाच घ्यावा. डबीवाल्याच्या आवाजानं भित्रं पिल्लू पहिल्याच दिवशी कोचाखाली जाऊन बसतं आणि मग क्लिकर दिसला तरी दचकतं. तोच हाताशी असेल तर रुमालात गुंडाळून किंवा खिशात ठेवून दाबावा. डबीवाल्याचा आणखी एक दोष इथल्या पावसात कळतो. जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या हातानं वापरून तसाच टाकला तर पट्टीला गंज धरतो आणि आवाज बसतो. पुसून, पट्टीला थेंबभर खोबरेल लावून ठेवला तर वर्षानुवर्षं चालतो. विकत घ्यायचाच नसेल तर जॅमच्या बाटलीचं मधे फुगलेलं पत्र्याचं झाकण किंवा खटका असलेलं बॉलपेन चालतं. एकच अट: आवाज छोटा हवा आणि दर वेळी तंतोतंत तोच हवा.

ही युक्ती कुत्रेवाल्यांची मुळातली नव्हे. हवाईमध्ये १९६०च्या दशकात डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर बरोबर काम झाल्याची खूण म्हणून शिट्टी वापरायच्या, आणि पुढे १९९०च्या दशकात क्लिकर घरोघरच्या कुत्र्यांपर्यंत पोचला त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. डॉल्फिनला साखळी घालता येत नाही, फटका मारता येत नाही, त्याला नको असेल तर तो सरळ तलावाच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. अशा जनावराला शिकवायला जी रीत चालते, ती घरातल्या कुत्र्याला का चालू नये?

वापर असा. पहिल्या दिवशी काहीही शिकवायचं नाही. शांत खोलीत बसायचं, टक् करायचं आणि लगेच तुकडा द्यायचा. दहा-पंधरा वेळा, दिवसातून दोनदा. मग कुत्रं दुसरीकडं बघत असताना टक् करून बघायचं. मान झटक्यात तुमच्याकडं वळली की आवाजाचा अर्थ त्याला लागला. यात चुका ठरलेल्या असतात. टक् करायच्या आधीच हात खाऊच्या पिशवीकडं जातो, मग कुत्रं आवाज ऐकतच नाही, हातावर डोळा ठेवून बसतं. म्हणून आधी आवाज, मग हात. दुसरी चूक, बोलावण्यासाठी टीव्हीच्या रिमोटसारखा क्लिकर दाबत राहणं. क्लिक म्हणजे हाक नव्हे, क्लिक म्हणजे पावती. आणि एकदा दाबला की तुकडा द्यायचाच, चुकून दाबला गेला असला तरी. उधारी ठेवली की आवाजाची किंमत उतरते. क्लिकरला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो एवढ्यासाठी की एका हातात पट्टा, दुसऱ्यात छत्री असताना तिसरा हात लागतो. अशा वेळी तोंडानं काढलेला ‘यस्’ बरा पडतो.

इथं शब्दांचाही थोडा विचार करायला हवा, कारण त्यात पैसे जात नाहीत आणि तरी बहुतेक घरांत इथंच घोटाळा होतो. ‘बस’ हा शब्द आपल्या घरात दिवसभर हवेत असतो. ‘बस झालं’, ‘बस आली काय’, ‘बस की जरा, जेवून जा’. कुत्र्याच्या कानावर तो शंभरदा पडतो आणि त्यातल्या नव्व्याण्णव वेळा त्याचा कुत्र्याशी संबंध नसतो. ‘ये’चं तेच. कोल्हापुरात गल्लीतून जाणाऱ्या कुणालाही ‘ये भावा’ अशी हाक जाते. म्हणून बसण्यासाठी ‘बैठक’ आणि बोलावण्यासाठी ‘इकडं’ असे थोडे वेगळे शब्द धरलेले बरे. ‘शाब्बास’ प्रेमानं म्हणायला छान, पण क्लिकच्या जागी वापरायला लांब पडतो, आणि आजी तो एका सुरात म्हणते तर नातू दुसऱ्या. शब्द कोणते ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवायचे. बाबा ‘सिट’, आई ‘बस खाली’ आणि पोरगं ‘बैठक बैठक बैठक’ म्हणत असेल तर कुत्रं हट्टी नाही, गोंधळलेलं आहे.

बसायला शिकवणं हे या साऱ्या सामानाची चाचणी म्हणून चांगलं, दहा मिनिटांत कळतं काय जमतंय. तुकडा चिमटीत धरून कुत्र्याच्या नाकाला जवळजवळ टेकवायचा. तिथून तो हळू वर आणि मागं, दोन कानांच्या मधून, शेपटीच्या दिशेनं न्यायचा. नाक वर जातं तसा मागचा भाग आपोआप खाली येतो. बूड फरशीला टेकलं त्या क्षणी टक्, मग तुकडा. हात एक वीत जरी जास्त वर गेला तर कुत्रं उडी मारतं. चूक तुमच्या हाताची, त्याची नव्हे. पाच-सहा वेळा असं झालं की चिमटीतला तुकडा काढून टाकायचा, रिकाम्या हातानं तीच खूण करायची आणि बक्षीस दुसऱ्या हातानं पाऊचमधून, म्हणजे कमरेला अडकवलेल्या खाऊच्या बटव्यातून, द्यायचं. हा टप्पा उशिरा आला की ‘खायला दिसलं तरच ऐकतं’ ही तक्रार कायमची मागं लागते. खुणेवर दहातून आठ वेळा बसू लागलं की मगच शब्द आणायचा: आधी ‘बैठक’, अर्ध्या सेकंदानं खूण. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. दहातून आठ जमले तर पुढची पायरी: अंगण, मग जिना, मग फाटक. पाचच्या खाली आले तर एक पायरी मागं. घरात जमलेलं रंकाळ्यावर का जमत नाही असं विचारणाऱ्यानं रंकाळ्यावरच्या भेळेच्या कागदांचा वास एकदा कुत्र्याच्या नाकानं घ्यावा.

ट्रीट पाऊच ही गोष्ट अनेकांना नखरा वाटते. नखरा नाही. खिशातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीनं दोन सेकंद खाल्ले की वर सांगितलेला सगळा प्रकार बिघडतो. घेताना फक्त तोंड बघा. चेन असलेला घेऊ नका, एका हातानं उघडत नाही आणि बोटांना दाते लागतात. दोरी ओढून मिटणारा कामचलाऊ. तोंडाला चुंबक किंवा स्प्रिंगची पट्टी असलेला उत्तम, हात घातला की उघडतो, काढला की मिटतो. कापडी पाऊच पावसाळ्यात दोन दिवसांत आंबूस वास मारतो, म्हणून सिलिकॉनचा किंवा आतून धुता येणारं अस्तर असलेला. कमरेला पुढं नको, पाठीकडच्या बाजूला अडकवा, म्हणजे कुत्र्याची नजर त्यावर खिळत नाही. एरवी तो दाराजवळच्या खुंटीला टांगलेला असावा. पिल्लाला शी-शू बाहेर करायला शिकवताना बक्षीस तिथंच, ते आटोपल्याच्या सेकंदात द्यायचं असतं. घरात येऊन दिलं तर घरात येण्याचं बक्षीस मिळालं.

खाऊच्या बाबतीत दुकानातल्या पाकिटांना फार गुण देता येत नाहीत. च्यूस्टिक आणि कातड्याच्या गाठी शिकवणीला निरुपयोगी, कारण एकेक चघळायला दहा मिनिटं जातात आणि तोवर धडा विसरतो. रंगीत बिस्किटं कडक असतात, मोडताना चुरा होतो, आणि कुत्रं फरशीवरचा चुरा वेचत बसतं. मऊ, ओलसर, छोटे तुकडे असलेली पाकिटं चालतात, पण पाकिटावरच्या घटकांत पहिलं नाव मांसाचं आहे का ते बघून घ्यावं. चहात बुडवलेलं बिस्कीट हा इथला आवडता खाऊ. तो बंदच. साखर, मैदा आणि वर चहा, तिन्ही नकोत.

त्यापेक्षा कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात चांगला माल आहे. कोंबडीच्या छातीचं मांस बिनमिठाच्या पाण्यात बारा-पंधरा मिनिटं उकडायचं, पूर्ण गार करायचं, मग वाटाण्याएवढे तुकडे कापून सुती कापडावर अर्धा तास पसरून ठेवायचे म्हणजे हाताला चिकटत नाहीत. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतात. जास्त केले तर एकेका दिवसाच्या पुड्या करून फ्रीजरमध्ये. मटणाची कलेजी उकडून दिली तर कुत्रं जीव टाकतं, म्हणून ती अवघड धड्यांसाठी राखून ठेवायची आणि आठवड्यातून दोनदाच, थोडी थोडी, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं. शाकाहारी घरात पनीर चालतं. एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायला हवी: रविवारी घरात तांबडा-पांढरा असतो म्हणून त्यातलं मटण धुऊन द्यायचं नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि तो अंश रश्शातून मांसात उतरलेला असतो, वरून धुऊन जात नाही. रश्श्यात पडायच्या आधी चार तुकडे बाजूला काढून वेगळे उकडले की झालं. द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट तर अजिबात नाही, प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणासुद्धा नाही.

किती द्यायचं? दिवसाच्या एकूण अन्नाच्या दहा टक्के, त्यावर नाही. २० किलोच्या, निर्बीजीकरण झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण १,००० ते १,०५० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊचा वाटा १०० कॅलरींचा. त्यात उकडलेली कोंबडी ६० ग्रॅम बसते. अर्ध्या ग्रॅमचा एक तुकडा धरला तर १२० तुकडे, दिवसभराच्या सगळ्या धड्यांना पुरून उरतात. पनीर मात्र त्याच १०० कॅलरीत जेमतेम ३५ ग्रॅम, आणि भाजलेले शेंगदाणे तर १७-१८ ग्रॅम, म्हणजे मूठभरसुद्धा नाहीत. तुकडा मोठा केल्यानं कुत्रं जास्त खूश होत नाही. त्याला किती वेळा मिळालं हे कळतं, किती मोठं मिळालं हे फारसं नाही.

हार्नेस म्हणजे नुसत्या गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा. त्याची निवड इथं जरा किचकट होते, कारण या भागात लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डइतकेच मुधोळ आणि कारवानी हे सडपातळ देशी शिकारी कुत्रेही पाळले जातात. २००५ साली ज्याच्यावर टपाल तिकीट निघालं तो हा मुधोळ हाउंड: छाती खोल, कंबर बारीक, आणि मान जवळजवळ डोक्याएवढी जाड. त्यामुळे साधा गळपट्टा घातला आणि तो दचकून मागं सरकला की पट्टा डोक्यावरून सर्रकन निघतो, कुत्रं रस्त्यावर मोकळं आणि पट्टा तुमच्या हातात. म्हणून पट्टा आणखी आवळला की श्वास कोंडतो. तयार हार्नेसही यांना बसत नाहीत. छातीच्या मापानं घ्यावा तर गळ्याला ढगळ, गळ्याच्या मापानं घ्यावा तर छातीचं बक्कल लागत नाही. अशा कुत्र्यांना कमरेच्या बारीक भागाला तिसरा पट्टा असलेला हार्नेस घ्यावा, मागं सरकलं तरी छातीचा फुगवटा त्या पट्ट्यातून निघत नाही. तो मिळत नसेल तर मार्टिंगेल पट्टा, जो ओढला की ठरावीक मापापर्यंतच आवळतो, आणि जोडीला साधा हार्नेस, दोन्हीला एकाच दोरीच्या दोन कड्या.

इतर कुत्र्यांसाठी नियम सोपा. समोरून बघितल्यावर छातीवर इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी रचना दिसली पाहिजे. खांद्यावरून आडवा जाणारा पट्टा असेल तर पुढचा पाय टाकताना खांदा अडतो, आणि बाजारात स्वस्त मिळणारे बहुतेक असेच असतात. पुढच्या पायांच्या मागं दोन बोटं सोडून छातीचा घेर टेपनं मोजा. घातल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत, मूठ जायला नको. छातीवर पुढंही एक कडी असेल तर ओढणाऱ्या कुत्र्याला फार उपयोग होतो. पुढच्या कडीला दोरी लावली की ओढताना त्याचं अंग तुमच्याकडं वळतं, आणि ओढून पुढं जाता येत नाही हे त्याला आपोआप कळतं. पण हार्नेस शिकवत नाही, वेळ मिळवून देतो. शिकवायचं असं: दोरी सैल असताना तुमच्या मांडीच्या रेषेत तुकडा. दोरी ताणली की थांबायचं, अगदी झाडासारखं. सैल झाली की पुढं. पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत जायला वीस मिनिटं लागतात. लागू द्या. घाईत असाल त्या दिवशी शिकवणी नकोच, पुढच्या कडीला दोरी लावून सरळ फिरवून आणा.

आता कासरा. बोलावल्यावर परत यायला शिकवताना पाच मीटरची लांब दोरी लागते. दुकानातली नायलॉनची दोरी बारीक असते, कुत्रं धावलं की तळहात सोलून निघतो. आपोआप गुंडाळणारी दोरी तर घेऊच नये: खटका ऐन वेळी निसटतो, आणि ती सतत थोडी ताणलेली असल्यानं कुत्र्याला ओढायचीच सवय लागते. त्यापेक्षा बैलाचं सामान विकणाऱ्याकडं सुताचा कासरा मिळतो, तो हाताला मऊ, गाठ पक्की धरणारा आणि निम्म्याहून कमी पैशांत. टोकाला पितळी किंवा पोलादी खटका बांधून घ्यायचा, जस्ताचा हलका खटका पहिल्याच झटक्यात उघडतो. ही दोरी हार्नेसच्या पाठीवरच्या कडीलाच लावायची, गळ्याला कधीच नाही. पाच मीटर धावून आलेला झटका मानेच्या मणक्यावर बसतो. ऊस तुटून गेलेलं रान मोकळं दिसतं म्हणून तिथं नेऊ नका, तोडलेले बुडखे पंजा चिरतात.

धडा साधा आहे. दोरी जमिनीवर मोकळी, कुत्रं तीन-चार पावलांवर. ‘इकडं’ एकदाच म्हणायचं आणि उलट दिशेला पळत सुटायचं. मागं आलं की टक्, आणि एक तुकडा नव्हे, पाच-सहा, एकामागून एक, पायाशी. अंतर वाढवत न्यायचं. आल्यावर दर वेळी पट्टा लावून घरी नेलं तर ‘इकडं’चा अर्थ ‘खेळ संपला’ असा होतो. म्हणून दहातून आठ वेळा खाऊ देऊन पुन्हा मोकळं सोडायचं. आणि रागात असताना हा शब्द तोंडात आणायचाच नाही. पळून गेलेलं कुत्रं तासाभरानं परत आलं आणि त्याला फटका बसला, तर मार पळून जाण्याचा नव्हे, परत येण्याचा बसला.

आता त्या साखळ्या आणि त्यांचे नातेवाईक: काटेरी पट्टा, भुंकलं की विजेचा झटका देणारा पट्टा, माणसाला न ऐकू येणारा तीव्र आवाज काढणारं यंत्र. शून्य गुण, आणि कारण भावनिक नाही. हे सामान कुत्र्याला ‘काय करू नको’ एवढंच सांगतं, तेही दुखवून. शेजारचं पोर फाटकाशी आलं, कुत्रं गुरगुरलं, झटका बसला. कुत्र्याच्या हिशोबी पोर दिसलं की दुखतं. पुढच्या वेळी ते गुरगुरत नाही. माणसं म्हणतात, सुधारलं. खरं म्हणजे त्यानं फक्त इशारा द्यायचं बंद केलं, आता थेट दात लागतात. गुरगुरणं ही घरातली घंटा आहे, ती काढून टाकायची नसते. ती वाजण्याआधी जांभई येणं, ओठ चाटणं, मान न वळवता डोळ्याचा पांढरा भाग दाखवणं, शेपूट पायात जाणं, हे दिसतं. तिथंच अंतर वाढवायचं. वेल्समध्ये विजेच्या पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे, आणि अमेरिकेतल्या पशुवर्तन तज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेनं २०२१ मध्ये सगळ्या कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारलेलीच पद्धत सुचवली आहे. ‘तू घरातला म्होरक्या आहेस हे दाखव’ हा सल्ला देणाऱ्यांसाठी एवढंच, की लांडग्यांच्या कळपातल्या ‘आल्फा’ची कल्पना लोकप्रिय करणाऱ्या डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये ती जंगलातल्या कळपांना लागू पडत नाही असं लिहिलं. आपल्याकडं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातलं ११वं कलम फारच आखूड किंवा जड साखळीला जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला हिंडवून न आणणं, दोन्ही गुन्ह्यात धरतं.

पाहुण्यांच्या अंगावर उडणाऱ्या कुत्र्यासाठी काहीही विकत घ्यायची गरज नाही. दारापासून आठ-दहा पावलांवर एक सतरंजी टाका. चारही पाय सतरंजीवर असताना तुकडे तिथंच, खाली ठेवायचे, हातातून द्यायचे नाहीत. आधी बेल न वाजवता, मग घरातल्याच कुणी बेल वाजवून, मग खऱ्या पाहुण्याबरोबर. यात कुत्र्यापेक्षा पाहुणे अवघड. ‘असू द्या हो वहिनी, आम्हाला कुत्री आवडतात’ म्हणत मावशी त्याला छातीशी घेतात आणि आठवड्याची मेहनत पाण्यात जाते. कधी मिळतं, कधी मिळत नाही, असं बक्षीस सवय सगळ्यात घट्ट करतं. आणखी एक: उडण्याकडं लक्ष द्यायचं बंद केलं की आधी ते वाढतं, जास्त उंच, जास्त भुंकत. दोन-तीन दिवसांचा तो जोर असतो. त्यातच कुणी ‘ए, खाली हो’ म्हणून हात लावला की कुत्रं शिकतं, जास्त जोर लावला की जमतं.

लिकमॅट म्हणजे खाचा असलेली सिलिकॉनची चटई. आंबट नसलेलं, बिनसाखरेचं दही किंवा उकडलेला लाल भोपळा तिच्यावर फासून फ्रीजरमध्ये ठेवायचा. चाटत राहिल्यानं कुत्रं निवतं, आंघोळीला आणि नखं कापताना कामाला येतं. कडेचे तुकडे चावून गिळणाऱ्या कुत्र्याला ती एकटं देऊ नये, आणि खाचांत दही राहिलं तर बुरशी धरते म्हणून ब्रश लागतो. साडेतीन गुण.

तिचा खरा कस लागतो तो गणपतीत. विसर्जनाला महाद्वार रोडवरून मिरवणूक निघते, आणि जवळपासच्या घरांत साऊंड सिस्टीमचे ठोके भिंतीतून, फरशीतून कुत्र्याच्या पोटात जातात. ‘त्या दिवशी काय करू’ हा प्रश्न त्या दिवशी विचारून उपयोग नसतो. तयारी दोन महिने आधी सुरू करायची. ढोल-ताशा आणि फटाक्यांचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर इतक्या हळू लावायचं की कुत्र्याचा कान हलेल पण खाणं थांबणार नाही. आवाज सुरू झाल्यावर दोन सेकंदांनी कोंबडी, आवाज बंद की कोंबडीही बंद. क्रम उलटा झाला तर खाऊ दिसला की आता काहीतरी वाजणार असा धसका बसतो. रोज तीन-पाच मिनिटं, चार-पाच दिवसांनी आवाज किंचित वर. खायचं थांबलं म्हणजे आवाज जास्त झाला, लगेच खाली. प्रत्यक्ष मिरवणुकीला घरातली सगळ्यात आतली खोली, पंखा चालू, खिडकीला जाड चादर, लिकमॅट, आणि कुत्रं जवळ आलं तर खुशाल जवळ घ्या. कुरवाळल्यानं भीती वाढते हा गैरसमज आहे. दरवर्षी थरथर कापणाऱ्या, लाळ गाळणाऱ्या कुत्र्यासाठी पशुवैद्याशी महिनाभर आधी बोला, भीती कमी करणारी औषधं आहेत, पण ती त्यांनीच ठरवायची. माणसाची झोपेची गोळी अर्धी करून द्यायची नाही.

घरी येऊन शिकवणाऱ्या ट्रेनरबद्दल थोडक्यात. चांगला ट्रेनर कुत्र्याला कमी आणि घरच्यांना जास्त शिकवतो. कुत्रं चुकलं तर तुम्ही काय करता, हे आधी विचारा. ‘झटका देतो’, ‘पाठीवर पाडून धरतो’ असं उत्तर आलं तर चहा पाजून रवाना करा. ‘महिनाभर आमच्याकडं ठेवा, शिकवून परत देतो’ ही योजना महाग पडते, कारण कुत्रं तिथल्या माणसाचं ऐकायला शिकतं आणि घरी आल्यावर तुमचे हात, तुमचे शब्द, तुमची वेळ तीच जुनी असते.

मांजरवाल्यांनी हे सगळं कुत्र्याचं म्हणून सोडू नये. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये ज्या प्रयोगांतून ‘ज्याचं फळ चांगलं ते पुन्हा केलं जातं’ हा नियम बांधला, त्यांतली गाजलेली जनावरं मांजरंच होती, खटका दाबून पेटीतून बाहेर पडणारी. मांजरासाठी बटणाचाच क्लिकर, आणि खाऊ म्हणून मीठ निघून जाईस्तोवर भिजवलेलं, चिमूटभर सुकट. सगळ्यात कामाचा धडा म्हणजे मांजराला दवाखान्यात न्यायची पेटी. झाकण काढून ती चार दिवस बैठकीतच पडू द्यायची. पेटीकडं बघितलं तर टक्, एक पाय आत टाकला तर टक्, चारही पाय आत गेले तर दोन-तीन तुकडे. मग झाकण लावायचं, मग दार एक सेकंद मिटून उघडायचं, मग पाच सेकंद, मग उचलून दोन पावलं. एका बैठकीला दोनच मिनिटं. शेपूट फरशीवर आपटायला लागली की क्लिकर खिशात टाकायचा आणि उद्या एक पायरी खालून सुरू करायचं.